एकच नाव, दोन लिलाव: याला सौदा म्हणायचं का?

दादरकर
मंडळी, आधी घडलेलं सांगतो. बायकोचा मसाल्यांचा घरगुती धंदा आहे. आठ वर्षं एकाच नावाने पाकिटं जातात. त्याच नावाचं डॉट कॉम, म्हणजे वेबसाइटचा पत्ता (डोमेन), कुणाकडे तरी नुसतं पडून होतं आणि ते मागच्या महिन्यात एका परदेशी साइटवर लिलावाला निघालं. मुदत सात दिवसांची, राखीव म्हणजे किमान किंमत नाही. शेवटच्या रात्री आम्ही दोघं जेवण उरकून लॅपटॉपसमोर बसलो. अखेरच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा पाच मिनिटांवर जायचं. असं सहा वेळा झालं. रात्री पावणेबाराला ९४० डॉलरवर आमची बोली टिकली, अभिनंदनाचा मेल आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विक्रेत्याचा मेल: नाव दोन दिवसांपूर्वीच दुसऱ्या साइटवरच्या लिलावात गेलं, क्षमा असावी. म्हणजे दोन दिवस आम्ही विकून झालेल्या नावावर चढाओढ करत होतो! साइटने अनामत परत केली आणि हात झटकले.

मग मी त्या नावाच्या डीएनएस नोंदी, म्हणजे इंटरनेटवर कुणालाही पाहता येणाऱ्या त्या पत्त्याच्या नोंदी, उघडून पाहिल्या. नाव आपलंच आहे हे दाखवायला लिलावाच्या साइट विक्रेत्याला तिथे एक टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, ओळ टाकायला सांगतात. तिथे एकाखाली एक अशा दोन ओळी होत्या, दोन वेगवेगळ्या साइटच्या. कुणालाही दिसतील अशा. हे नाव लिलावाला चढवण्याआधी साइटने एकदा तरी पाहायला हवं होतं.

माझं म्हणणं एवढंच: ठरावीक किमतीची पाटी चार ठिकाणी लावा, हरकत नाही. पण बोली सुरू झाली की नाव एकाच ठिकाणी हवं, आणि लिलाव संपेपर्यंत ते साइटच्या ताब्यात हवं. मुंबईत एकच खोली दोघांना विकून दोघांकडून इसार घेणाऱ्याला आपण फसवणूक करणाराच म्हणतो. इथे वेगळं काय झालं?

बोरिवली_पश्चिम
मी बारा वर्षं नावं विकतोय. दादरकर, तुमच्या विक्रेत्याने पहिला सौदा होताच दुसरा लिलाव बंद करायला हवा होता. ती त्याची चूक आहे, त्याची बाजू घेणार नाही. पण दोन ठिकाणी लावणं हाच गुन्हा, हे मला मान्य नाही.

विक्रेत्याच्या जागी बसून बघा. लिलाव जिंकणारा पैसे भरेलच याची खात्री नसते. गेल्या वर्षी एकाच नावाचा लिलाव मला तीनदा करावा लागला. दोनदा जिंकणारा गायब. प्रत्येक वेळी दहा दिवस वाट पाहायची, मग साइट कळवणार की खरेदीदाराचा प्रतिसाद नाही. तोवर खरा गरजू दुसरं नाव घेऊन मोकळा झालेला असतो. वर दरवर्षीचं नूतनीकरण माझ्याच खिशातून. एकाच मांडवात बांधून घ्यायचं तर आधी बोली लावणाऱ्याकडून पूर्ण रक्कम ठेवून घ्या.

फोर्टातला_वकील
कायद्याचं थोडं. मालविक्री कायदा, १९३०, कलम ६४: हातोडा पडला की विक्री पूर्ण, तोवर बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. उलट बाजूनेही तसंच आहे. लिलावाची जाहिरात म्हणजे विकण्याचं वचन नव्हे. १८७३ च्या हॅरिस विरुद्ध निकर्सन या इंग्लिश खटल्यात एक जण ऑफिसच्या सामानाच्या लिलावासाठी मुद्दाम लंडनहून गेला, सामान ऐन वेळी काढून घेतलं होतं, आणि त्याला प्रवासखर्चही मिळाला नाही.

म्हणून बोरिवलीकरांचं अर्धं बरोबर: हातोडा पडण्याआधी नाव काढून घेतलं असतं तर दादरकरांना दाद मागायला जागा नव्हती. पण इथे हातोडा पडला. डोमेन हा ‘माल’ आहे का यावर वाद घालता येईल, पण करार झाला हे नाकारणं कठीण. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ भरपाई देतं. नाव मात्र विसरा, आधीचा करार त्या दुसऱ्या खरेदीदाराचा आहे.

आणि आयकॅनकडे, म्हणजे जगभरातल्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडे, तक्रार करा असं कुणी सुचवेल, तर त्यात वेळ घालवू नका. १९९९ पासूनची त्यांची वादनिवारण पद्धत ट्रेडमार्क बळकावणाऱ्यांविरुद्ध आहे. फिसकटलेल्या सौद्याशी तिचा संबंध नाही.

गिरगावची_मीनल
दादरकर, राग येणं समजू शकते. पण पैसे पूर्ण परत मिळाले ना? मग नुकसान नेमकं कशाचं? मसाला चवीवर विकला जातो.

दादरकर
मीनलताई, अभिनंदनाचा मेल आल्यावर बायकोने सकाळी नऊलाच छापखान्यात फोन करून नव्या पाकिटांवर पत्ता टाकायला सांगितला. दुपारी विक्रेत्याचा मेल येईपर्यंत दोन हजार पाकिटं छापून तयार होती. आणि नावाला किंमत नसती तर रेडिफ या वेबसाइटने ‘रॅडिफ’ नाव घेणाऱ्याविरुद्ध आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात धाव कशाला घेतली असती? १९९९ साली न्यायालयाने एका अक्षराच्या फरकावरून मनाई दिली होती.

गिरगावची_मीनल
पाकिटांचं वाईट वाटलं, खरंच. पण नाव आपल्या खात्यात येण्याआधी छापायला द्यायचं नव्हतं. घराची चावी हातात आल्याशिवाय आपण टेम्पो बोलावतो का?

कुलाबा_कोळीवाडा
आमच्या घरात तीन पिढ्या ससून डॉकवर मासळी. पहाटे माल उतरतो, ढीग समोर लागतो, बोली समोर होते. तोच ढीग मागच्या बाजूने कुणी दुसऱ्याला देऊन टाकला तर त्याच्या ढिगावर उद्या कुणी बोली लावणार नाही. इथे ढीग दिसत नाही, म्हणून कुणीतरी तो धरून ठेवायला हवा. मी दादरकरांच्या बाजूने.

बोरिवली_पश्चिम
दादा, धरून कोण ठेवणार? साइट? २००९ मध्ये स्नॅपनेम्स या डोमेन लिलाव करणाऱ्या कंपनीने स्वतःच कबूल केलं की त्यांचा एक कर्मचारी खोट्या नावाने त्यांच्याच लिलावांत बोली लावत होता. ज्याला प्रत्येक विक्रीवर दलाली मिळते, त्याच्या हातात मी माझं नाव आधीच का सोपवू? तिऱ्हाईत एस्क्रोकडे, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत दोन्ही बाजूंचं सांभाळणाऱ्याकडे, द्यायला तयार आहे, पण मग बोली लावणाऱ्याचे पैसेही त्याच दिवशी तिथेच हवेत.

दादरकर
हे मला चालेल. नाव आणि पैसे दोन्ही तिऱ्हाइताकडे, मग हातोडा. आधी असं असतं तर ९४० डॉलर मी त्याच रात्री भरले असते.

वकीलसाहेब, मेल, बोलीचा इतिहास आणि त्या दोन टीएक्सटी ओळींचा स्क्रीनशॉट ठेवला आहे. छापखान्याची पावतीही आहे. आणखी काय लागेल?

फोर्टातला_वकील
पावतीवरची वेळ पाहा. विक्रेत्याच्या मेलच्या आधीची असेल तर आजच नोटीस पाठवू. आणि साइटच्या अटी पूर्ण वाचून मला पाठवा. वाद कुठल्या देशातल्या न्यायालयात चालेल हे तिथे लिहिलेलं असतं, आणि खरी अडचण तिथेच येणार आहे.