अनुभव धागा : ओसाड वास्तू, कृष्णधवल फोटो आणि आपण रचलेल्या गोष्टी

सांजसावली
भाची सुट्टीला आलीये. काल माझी जुनी हार्ड डिस्क उचकत बसली होती, त्यात एका बंद बंगल्याचे कृष्णधवल फोटो निघाले. "मावशी, इथे कोण राहायचं गं?" मी जी सुरू झाले! निवृत्त सर्व्हेअर, बायको लवकर गेलेली, एकच मुलगी, तीही लांब दिलेली, माणूस मितभाषी पण काटेकोर... ती शांतपणे म्हणाली, "हे तुला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही! सगळं एका भिंतीवरून. पॅसेजमध्ये फोनचा कोनाडा होता. फोन गेलेला, नुसती वायर लोंबत होती. बाजूच्या भिंतीवर पेन्सिलीने नंबर लिहिलेले. वरचे चार-पाच आकडी, खाली येतायेता लांबलचक. त्यात 'सु.' असं लिहून एक नंबर, तो खोडून खाली दुसरा, तोही खोडून तिसरा. प्रत्येक वेळी 'सु'चा उकार जरा जास्त कापरा. शेवटचा नंबर मात्र न खोडलेला, आणि त्याखाली दोन रेघा मारलेल्या.

प्रत्यक्षात ती भिंत भडक हिरवी होती. रंगीत फोटोत नुसता रंगच अंगावर येतो, नंबर दिसतच नाहीत. रंग काढला आणि पेन्सिल वर आली. सर्व्हेअर कुठून आला विचाराल तर आकडे फार रेखीव होते म्हणून, बस्स.

तुम्हीही असे फोटो काढत असाल, किंवा नुसतंच पडक्या खिडकीत डोकावून गोष्टी रचत असाल, तर लिहा. प्रचि (प्रकाशचित्रं) असतील तर उत्तम, नसतील तरी चालेल.

गवतफुला
जागा धरायला रुमाल टाकून ठेवते. पोराला क्लासहून आणून मग लिहिते.

खिळेमोळे
सु. म्हणजे सुधीर पण असू शकतो की. मुलगीच कशावरून? उधारी बुडवून पत्ते बदलणारा सुधीर. दोन रेघा म्हणजे "आता सापडलास बेट्या".

सांजसावली
खिळेमोळे, माझ्या सर्व्हेअरची पार वाट लावलीत.

रीळवाला
बंद पडलेलं थिएटर. मशीन रूम. खुर्च्या, पडदा वगैरे सगळे काढतात, मी सरळ वर गेलो. जुन्या पद्धतीत दोन प्रोजेक्टर असायचे. एक रीळ साधारण वीस मिनिटं चालायचं, ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकायचा, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर चालू, दुसऱ्यांदा चमकला की चित्र त्या मशीनवर. म्हणजे ऑपरेटरला सलग वीस मिनिटंसुद्धा निवांत नाहीत. आधीचं रीळ गुंडाळा, पुढचं चढवा, उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांमधलं अंतर बघत राहा. प्रत्येक मशीनसमोर भिंतीत दोन झरोके, एक मशीनचा, एक माणसाचा.

माणसाच्या झरोक्याच्या वर भिंतीला एक लंबगोल डाग होता. तेलकट, काळपट, मधोमध गुळगुळीत. काय ते आधी कळेना. मग झरोक्यातून खाली बघायला वाकलो आणि माझं कपाळ बरोब्बर तिथे टेकलं.

तोच फोटो काढला. तिरका प्रकाश हवा होता, मित्राला मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरायला लावला. समोरून उजेड मारला असता तर डाग सपाट दिसला असता. तिरक्या उजेडात तो चमकला आणि आजूबाजूचा गिलावा खडबडीत उठून आला.
गोष्टबिष्ट नाही रचली. गरज वाटली नाही.

कंदील
दंडवत घ्या रीळवाले.

चिमणचारा
भूत दिसलं का कुणाला? खरं सांगा.

पायवाट
कबुतरं दिसली. भुतं परवडली.

नाडीपरीक्षा
कबुतरांवर हसू नका रे. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात गेली की हिस्टोप्लाज्मोसिस, क्रिप्टोकॉकस असली बुरशीची दुखणी होऊ शकतात, प्रतिकारशक्ती कमी असेल तर फारच जपायचं. रुमाल बांधून भागत नाही, नीट बसणारा एन ९५ लावा. आणि जुने सिमेंटचे पत्रे फुटलेले असतील तिथे तुकडे लाथेने सरकवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. जाताजाता : लाकडी तक्तपोशी असेल तर खोलीच्या मधून चालायचं नाही, भिंतीच्या कडेने, तुळया जिथे टेकलेल्या असतात तिथून. एकट्याने तर अजिबात जायचं नाही.

पायवाट
आणि परवानगी काढून! निम्म्या 'ओसाड' जागांना मालक असतो आणि त्याचा कुत्रा पण असतो.

उंबरठा
मालकाचं निघालंच आहे तर लिहिते. मी दुसऱ्या बाजूची.

आमचं जुनं घर बरीच वर्षं बंद होतं. एका प्रदर्शनात सहज गेले होते, समोर आमचाच माळा! कृष्णधवल, मोठ्ठा प्रिंट. रिकामी खोली, मधोमध एकच खुर्ची, वरून कौलाच्या फटीतून उजेडाची तिरीप. खाली ओळ होती, कोणीतरी कोणाची तरी वाट बघत इथेच बसून राहिलं, अशा अर्थाची. दोन बायका डोळे पुसत होत्या.

ती खुर्ची पंखा काढायला ठेवली होती हो. वायरमनने. पंखा काढला, खुर्ची तिथेच टाकून गेला.

आणि घर बंद का पडलं? वाटण्या. चार भावंडं, एकाची सही राहिली, मग दुसऱ्याने अडवून धरली. कोणी रडलं नाही, वाट पाहिली नाही, फक्त तारखा पडत गेल्या. फोटोत यातलं काय दिसणार, फाईल थोडीच टिपता येते.

पण खोटं कशाला बोलू, फोटो सुरेख होता. ती फरशी मी लहानपणापासून पुसत आले, तिच्यावर इतक्या छटा आहेत हे मला तिथे कळलं. आईसाठी प्रिंट मागितला, त्या मुलाने लगेच दिला. आईने बघितला आणि म्हणाली, "पंखा कुठे गेला?"

खिळेमोळे
फुटलो =)) आई भारी आहेत.

गवतफुला
आले. उंबरठा ताई, आमचंही सेम, फक्त पंखा अजून जागेवर आहे आणि भाऊ सात. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

चिमणचारा
काढा, मी पहिली.

तटस्थ
उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून मनातलं बोलतो, राग मानू नका. मला हा गोष्टी रचण्याचा प्रकार थोडा खटकतो. बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन जोडपं बघा. १९५९ पासून कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे टिपत राहिले. सगळं कृष्णधवल, मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यावर, ढगाळ आभाळ बघून, म्हणजे सावलीचं नाटक नको. कॅमेरा समोर, माणूस नाही, हळहळ नाही. मग एकाच जातीच्या टाक्या ओळीने शेजारी लावायच्या. गंमत म्हणजे १९९० साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना गोल्डन लायन पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेसाठी! इमारतीला तिचं स्वतःचं बोलू द्यावं, आपली कथा तिच्या तोंडी कोंबू नये.

सांजसावली
राग कसला. पण बेखरांच्या टाक्यांपुढे उभं राहिलं तरी मी विचारणारच, ही शिडी रोज कोण चढायचं? त्याला मी काय करू.

कंदील
तटस्थ यांना अर्धं अनुमोदन. कोंबलेल्या गोष्टीचा खरा त्रास दुसरीकडे होतो. प्रिप्यात, चेर्नोबिल अणुवीज केंद्राशेजारचं. अपघातानंतर २७ एप्रिल १९८६ ला गाव रिकामं केलं, जवळपास ४९ हजार माणसं. तिथले गॅस मास्क घातलेल्या बाहुल्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्यातल्या पुष्कळ बाहुल्या नंतर आलेल्या लोकांनी 'चांगली फ्रेम' म्हणून मांडून ठेवलेल्या. पुढचा येतो, त्याला वाटतं हे तेव्हापासूनच असं आहे, आणि तो त्यावर गोष्ट रचतो.

दुसरं, जपानचं हाशिमा बेट. समुद्रात सहा हेक्टरच्या आसपास तुकडा, खाली कोळशाची खाण, वर काँक्रीटच्या चाळींवर चाळी. १९५९ मध्ये तिथे ५ हजारांवर माणसं राहत होती. १९७४ ला खाण बंद झाली आणि काही महिन्यांत बेट रिकामं. काळ्यापांढऱ्यात तर ते असं दिसतं की विचारू नका. पण युद्धाच्या काळात त्याच खाणीत कोरियन आणि चिनी माणसांना जबरदस्तीने राबवलं होतं. खिडक्यांच्या ओळी बघून आपण 'गजबजलेले संसार' रचतो, त्यात ही माणसं येतच नाहीत. म्हणून मी आधी वाचतो, मग फोटो काढतो. मजा थोडी कमी होते, होऊ दे.

उंबरठा
हे पटलं. आमच्या माळ्यावर तरी कोणाला राबवलं नव्हतं. मी सोडून.

नवशिकी
मध्येच घुसते, सॉरी. माझ्याकडे साधा कॅमेरा आहे. मोनोक्रोम मोडवर काढायचे की रंगीत काढून नंतर काळेपांढरे करायचे? मागच्या महिन्यात एक जुनी विटांची भिंत काढली, शेवाळ चढलेली, डोळ्यांना इतकी छान दिसत होती आणि फोटोत सगळा राखाडी चिखल.

रीळवाला
दोन्ही. मोड मोनोक्रोम ठेवा म्हणजे मागच्या पडद्यावर काळंपांढरं दिसेल, पण फाईल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा, तिच्यात रंग शाबूत राहतात. तुमचा चिखल का झाला सांगतो. लाल वीट आणि हिरवं शेवाळ, रंग वेगळे पण उजळपणा जवळपास सारखा. रंग गेला की दोघं एकाच राखाडीत. रॉ उघडून लाल वर न्या आणि हिरवा खाली आणा, विटा उजळतील, शेवाळ काळं होईल. उलट केलंत तर उलट. फिल्मवर हेच काम लेन्सपुढे लाल काच लावून करायचे, शिवाय निळं आभाळ गडद होऊन ढग उठून यायचे ते वेगळंच.

आणि आतून काढताना खिडकी हमखास पांढरीफटक होते. खिडकीच्या उजेडाचं माप धरा, अंधार नंतर उचलता येतो. जळलेला पांढरा परत येत नाही.

नवशिकी
अय्या, विटा दिसल्या!! आत्ताच करून बघितलं. भिंतीत एक बुजवलेलं दार आहे!! कमानीच्या विटा वेगळ्या बसवल्यात. रंगीत मध्ये शेवाळाखाली कळतच नव्हतं.

खिळेमोळे
झालं. आता दार कोणी बुजवलं ते सांगा. सुधीरने?

नवशिकी
दोन जावा, भांडण, मधलं दार बंद :-D

तटस्थ
किंवा पलीकडची खोली पडली आणि पाऊस आत येऊ नये म्हणून बुजवलं.

खिळेमोळे
तटस्थ, तुमच्या घरी लहान मुलं झोपतात कशी हो?

तटस्थ
झोपतात. लगेच झोपतात.

पायवाट
हाहा. बरं, एक चांगली बातमी टाकतो, नाहीतर धागा पार पडझडीचाच व्हायचा. डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन. १९८८ च्या जानेवारीत शेवटची गाडी गेली आणि मग जवळजवळ तीन दशकं फुटक्या खिडक्यांचा तो उंच सांगाडा उभा. पडक्या वास्तूंच्या फोटोत जगभर मिरवला. तिथले लोक वैतागायचे, आम्ही इथे राहतोय आणि तुम्ही आमच्या शहराची मयत टिपायला येताय म्हणून. दुरुस्ती होऊन जून २०२४ मध्ये ते परत उघडलं. आता तेच जुने फोटो वेगळे दिसतात. तेव्हा जो शेवट म्हणून काढला तो मधलाच भाग निघाला.

गवतफुला
हे माहीत नव्हतं, मस्त. माझा अनुभव राहिलाच लिहायचा. थोडक्यात : बंद शाळा, मागच्या भिंतीला खिळ्यांच्या दोन ओळी, एक मोठ्यांच्या खांद्याला, एक पार गुडघ्याच्या वर. खालची लहान मुलांची दप्तरं अडकवायला. खालच्या ओळीतला एकच खिळा वाकडा, पार जमिनीकडे. मी त्या दप्तराचा इतका विचार केला की फोटो काढायचाच राहिला असता. मूल रोज लोंबकळत असणार त्याला.

रीळवाला
वा! टाका की इथे.

गवतफुला
दुसऱ्या फोनमध्ये आहे, तो लेकाकडे. रात्री.

नाडीपरीक्षा
वाकडा खिळा, गंजलेला असणार. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे ना?

गवतफुला
डॉक्टर, मी हात लावला नाही हो!

चिमणचारा
सांजसावली, भाचीचं काय झालं? तिला पटला का सर्व्हेअर?

सांजसावली
नाही पटला. तिचं म्हणणं, तो माणूस नाहीच, बाई आहे. पुरुष भिंतीवर लिहीत नाहीत, त्यांना डायरी मिळते. मी अजून उत्तर शोधतेय.

उंबरठा
पोरगी पुढे जाणार.

नवशिकी
रीळवाला काका, शेवटचं विचारते. बाबांचा जुना लाल फिल्टर सापडला, त्यावर ६७ मिमी लिहिलंय. माझ्या लेन्सवर ५८. बसेल?

रीळवाला
काका नको, दादा चालेल. ५८ ते ६७ ची स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवायची कडी) घ्या, बसेल. पण डिजिटलवर लेन्सपुढे लाल लावू नका, सेन्सरचे हिरवे-निळे बिंदू जवळपास उपाशी राहतात, फोटोत दाणे येतात. रॉ मध्ये केलंत तेच बरं. तो फिल्टर बाबांच्या फिल्म कॅमेऱ्यावरच लावा. तो आहे का अजून?

नवशिकी
आहे, पण आतला सेल फुगून बसलाय, झाकण उघडत नाहीये.

रीळवाला
जोर लावू नका. हातमोजे घालून रबराच्या तुकड्याने फिरवून बघा, नाहीतर दुरुस्तीवाल्याकडे. फोटो टाका झाकणाचा.