कोल्हापूर ते नागपूर विमानाने: प्रत्यक्षात किती वेळ लागतो?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

डिसेंबरात माझ्या मुलीचं लग्न इथे नागपुरात आहे आणि आई कोल्हापूरला असते. वय ७६, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. दीड-दोन तासांच्या वर एका जागी बसलं की पाय आखडतात. महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाड, भुसावळ करत येते, एक अख्खा दिवस नि रात्र त्यातच जाते. सोलापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ असा गाडीने प्रवास तर तिला झेपणारच नाही. म्हणून विमान.

नकाशावर सरळ रेघ मारली तर उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) साधारण ७०० किमी भरतं. पण वेळ एका साइटवर ५५ मिनिटं दिसते, दुसरीकडे पावणेदोन तास. तिच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. खरं काय धरायचं? आणि थेट विमान त्या दिवशी नसेल तर मुंबईमार्गे आणावं का?

प्रतिसाद १
ताई, ५५ मिनिटं म्हणजे नुसता भागाकार, अंतर भागिले जेटचा वेग. विमान चढताना-उतरताना तो वेग नसतोच, शिवाय मार्ग रेघेसारखा सरळ नसतो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, तीच धरा. ७०-८० आसनी छोटं जेट असेल तर सव्वा ते दीड तास. पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, त्याला पावणेदोन-दोन तास लागतात. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी बघा.

मुंबईमार्गे नको. कोल्हापूर-मुंबई सुमारे ३१० आणि मुंबई-नागपूर ६८० किमी, म्हणजे हजाराच्या घरात. अंतराचं एकवेळ सोडा, मधला थांबा आणि दोनदा चढ-उतार हाच खरा त्रास आहे. लग्नाच्या दोन दिवस आधीचं का होईना, पण थेटच घ्या.

धागाकर्ती
मनापासून आभार! म्हणजे जेट मिळालं तर तिच्या बसण्याच्या मर्यादेत बसतंय. पायऱ्यांचं कसं असतं?

प्रतिसाद २
माझ्या सासूबाईंना असंच नेलं होतं, म्हणून सांगते. लहान विमानतळावर बहुधा शिडीनेच चढावं लागतं. एटीआरचं दार मागे आणि खाली असतं, चार-सहाच पायऱ्या. जेटचं दार बरंच उंच. त्यामुळे व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि शिडी चढता येत नाही हे स्पष्ट सांगा, नाहीतर फक्त शिडीच्या पायथ्यापर्यंत सोडतील. मधल्या वाटेलगतची सीट घ्या, म्हणजे पट्ट्याचा दिवा विझल्यावर उठून दोन पावलं टाकता येतात. आणि गुडघ्यात धातू असल्याने सिक्युरिटीत हमखास बीप वाजतो. ऑपरेशनचा कागद सामानात टाकू नका, आईंच्या हातातल्या पर्समध्येच असू द्या.