मदत हवी आहे: जुनी ५० एमएम लेन्स लावली की एरर, परवा नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आहे!

फुटाळा_काठ: काकांची ५० एमएम लेन्स आलमारीत पडून होती, ती काल कॅमेऱ्याला लावली तर फोटोच निघून नाही राहिला, बटण दाबलं की एरर. एका दुकानात दाखवली तर म्हणे खराब आहे, नवीन घ्या. नवीन घ्यायला पैसे नाहीत, घरात आहे त्यातच भागवायचं आहे. लवकर सांगा कोणी.

तर्री_पोहा: भाऊ कॅमेरा कोणता, एरर कोणती, काहीच तर नाही लिहिलं.

फुटाळा_काठ: निकॉन डी३२००.

इतवारीकर: मी मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला तेव्हापासून ही सगळी झंझट संपली. जुना विकून टाका.

फुटाळा_काठ: दादा, पैसे नाहीत हे वरच लिहिलं आहे.

महालची_ताई: आलमारीत होती ना? आधी टॉर्च मारून आत पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायची, मी तर पोह्याच्या डब्यात ठेवते.

तर्री_पोहा: ताई, बुरशीने एरर काहून येईल? अक्षरं कोणती दिसतात ते सांगा ना भाऊ, आणि लेन्सवर काय लिहिलं आहे?

फुटाळा_काठ: एफ ई ई. लेन्सवर एएफ निक्कॉर ५० एमएम, १.८ डी.

तर्री_पोहा: मग लेन्स चांगली आहे! आकडेवाली अ‍ॅपर्चर रिंग (आत किती उजेड येईल ते ठरवणारी) आहे ना, ती नारंगी २२ वर न्या आणि बाजूचा छोटा खटका सरकवून लॉक करा, एफ ई ई जाईल. अ‍ॅपर्चर मग कॅमेऱ्यावरूनच बदलायचं. पण ऑटोफोकस नाही होणार, तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि या लेन्समध्येही नाही. बटण अर्धं दाबून हाताने फोकस फिरवा, व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की क्लिक.

इतवारीकर: मारबतीच्या गर्दीत हाताने फोकस? म्हणूनच मिररलेस म्हणून राहिलो.

महालची_ताई: अरे पण मारबतीला ५० पाहिजेच कशाला? भर दिवसा निघते. आणि या बॉडीवर ५० मधून ७५ सारखं जवळचं दिसतं, इतवारीच्या गल्लीत मारबत फ्रेममध्ये मावणारच नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स असेल ना, ती १८ वर ठेव, शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नको, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. ५० घरात ट्यूबलाइटखाली वापर, अ‍ॅपर्चर ५.६ च्या मानाने १.८ वर जवळजवळ १० पट उजेड येतो.

इतवारीकर: काळी मारबत १८८१ पासून आहे म्हणतात, पिवळी कधीपासून? आमच्याकडे दरवर्षी यावरून वाद.

महालची_ताई: १८८५. पण इथे लेन्सचं चाललं आहे ना रे.

फुटाळा_काठ: गेली एरर! २२ वर लॉक केली आणि लगेच आईचा कणीक मळतानाचा फोटो काढला, बोटांना चिकटलेलं पीठसुद्धा दिसून राहिलं आणि मागचे डबे सगळे धूसर. तर्रीभाऊ, ताई, खूप आभार. १८-५५ आहे, पण झूम फिरवताना अडकते.

तर्री_पोहा: कितीवर अडकते?