मदत हवी आहे: ८०८५ मध्ये डीसीएक्स झीरो फ्लॅगला हात का लावत नाही?

नमस्कार मंडळी. प्रश्न ८०८५ या ८ बिटी मायक्रोप्रोसेसरचा आहे: डीसीएक्स म्हणजे रजिस्टरांच्या जोडीतून एक वजा करणारी सूचना, आणि झीरो फ्लॅग म्हणजे उत्तर शून्य आलं की १ होणारा बिट. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोमवारी तोंडी परीक्षा.

८०८५ च्या किटवर एलईडी उघडझाप करायचा प्रोग्राम लिहिला. डिलेसाठी बीसी जोडीत एफएफएफएफ (हेक्समध्ये, म्हणजे ६५,५३५) भरलं, खाली डीसीएक्स बी आणि जेएनझेड (झीरो फ्लॅग ० असेल तर लूपच्या सुरुवातीला उडी). एलईडी लागला तो लागलाच! रीसेट दाबल्याशिवाय सुटका नाही. गंमत म्हणजे लूपच्या आधी एक्सआरए ए (ॲक्युम्युलेटर, म्हणजे ए रजिस्टर, शून्य करून झीरो फ्लॅग १ करणारी सूचना) टाकलं की उलटंच, पहिल्याच फेरीत लूपच्या बाहेर. दोन तास वायरी हलवून बघण्यात गेले.

सर म्हणाले, डीसीएक्सनंतर मूव्ह ए,सी (सी मधलं ए मध्ये) आणि ओआरए बी (ए आणि बी चा ऑर, यात झीरो फ्लॅग बदलतो) टाक. टाकलं, चाललं (ॲक्युम्युलेटर खराब होतो, तो पुशपॉप करून वाचवला). एका फेरीला ६+४+४+१० म्हणजे २४ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके), क्रिस्टल ६ मेगाहर्ट्झचा म्हणून आतला क्लॉक ३ मेगाहर्ट्झ, तेव्हा ६५,५३५ फेऱ्यांना साधारण ०.५२ सेकंद. हिशोब जुळतोय. पण 'का' विचारलं तर उत्तर आलं, "पाठ कर."

माझा अंदाज असा: एएलयू (बेरीज-वजाबाकी करणारा भाग) ८ बिटी, त्यामुळे जोडीची वजाबाकी तिकडे जातच नाही. प्रोग्राम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणारा रजिस्टर) ज्या इन्क्रिमेंटर-डिक्रिमेंटरमधून पुढे सरकतो, तिथेच ती उरकते आणि फ्लॅगना पत्ताही लागत नाही. बरोबर आहे का? मग डीएडी (एचएल जोडीत दुसरी जोडी मिळवणारी सूचना) पण १६ बिटीच ना, तरी तिच्यात कॅरी फ्लॅग (हातचा दाखवणारा बिट) कसा बदलतो? तिला १० टी-स्टेट लागतात, म्हणजे एएलयूतून दोनदा जाते का? कोणी आतली आकृती डोळ्यांसमोर ठेवून सांगेल?