बेहड्याचे झाड आणि खेळते भांडवल

जैवविविधतेवर आधारलेल्या उद्योगांत परतावा कमी असल्याने गुंतवणूकदार फिरकत नाहीत, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. उत्तर सह्याद्रीतील हिरडा-बेहड्याचे उदाहरण पाहावे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने गावकऱ्यांसह या फळांसाठी फेअरवाइल्ड प्रमाणपत्र (रानातला माल झाडांना धक्का न लावता आणि वेचणाऱ्यांना रास्त मोबदला देऊन गोळा केल्याची खूण) मिळवले आणि पक्का हर्ब्ज या ब्रिटिश कंपनीच्या रूपाने चांगला भाव देणारा खरेदीदार जोडला. त्यामुळे ज्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत महाधनेश हा मोठा पक्षी घरटे करतो, ती झाडे सरपणासाठी तोडण्याऐवजी राखण्यात गावाचा फायदा दिसू लागला.

अशा धंद्याची खरी अडचण खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठी हाताशी लागणाऱ्या पैशाची असते, कारण फळे वेचणाऱ्याला पैसे त्याच दिवशी हवे असतात, माल नीट वाळला नाही तर त्याला बुरशी धरते, आणि खरेदीदाराची रक्कम मात्र माल पोहोचल्यावर येते. या मधल्या काळासाठी (आणि एका साध्या वाळवणीच्या शेडसाठी) लागणारा पैसा मोठ्या फंडांना फारच किरकोळ वाटतो. परदेशी गुंतवणूक घेताना २००२च्या जैविक विविधता कायद्यातील, अशी जैविक साधने वापरण्यासाठीच्या परवानगीची तरतूदही आधीच तपासावी.