फाटायची वाट पाहू नका, भोक मोजा
खडी किंवा खनिज चाळणाऱ्या यांत्रिक चाळणीचं मॉड्युलर पॅनेल (जाळीचा सुटा बदलता येणारा तुकडा) फाटेपर्यंत वापरावं, मग तेवढंच बदलावं, असा एक सल्ला आहे. तेवढंच बदलण्याची सोय मान्य, पण फाटेपर्यंत थांबणं मला अजिबात पटत नाही. पॉलियुरेथेन (रबरासारखं चिवट प्लॅस्टिक) पॅनेलची भोकं सहसा खाली रुंद होत जातात, खडा अडकू नये म्हणून. त्यामुळे वरचा थर झिजला की भोक मोठं होतं आणि जाडा माल खाली उतरू लागतो. पॅनेल मात्र धडधाकट दिसत असतं! फीड, म्हणजे चाळायचा माल, पडतो तिथली भोकं आधी मोजा.

आणि नवीन पॅनेल ठोकण्याआधी खालची रेल, म्हणजे पॅनेल ज्या पट्टीवर बसतं ती, खरवडून घ्या. तिच्या खाचेत चुरा गच्च बसलेला असतो. आम्ही घाईत तसंच बसवलेलं ३०५ मिमीचं पॅनेल पहिल्याच पाळीत उडालं, आणि त्या फूटभर खिंडारातून सगळा माल खाली.