प्रसूतीच्या वेळी पतीने नेमकी कोणती मदत करावी?

प्रश्न: आम्ही कोथरूडला राहतो. पत्नीला ३७वा आठवडा लागला असून रुग्णालयाने मला प्रसूतिकक्षात थांबण्याची परवानगी दिली आहे. तिच्या वेदना पाहून मीच गांगरून जाईन, अशी भीती वाटते. माझा तिला खरा उपयोग कसा होईल?

उत्तर १: आमच्या मुलीच्या वेळी कळा चौदा तास चालल्या. कळ आली की मी हिच्या कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने घट्ट दाब देत असे आणि ती ओसरली की पाण्याचा घोट देत असे, कूस बदलायला किंवा चार पावले चालायला आधार देत असे. मात्र दाब कोठे आणि किती हवा, हे तिलाच विचारावे, कारण मध्येच तिला स्पर्शही नकोसा होऊ शकतो. तेव्हा हात मागे घ्यावा, मनाला लावून घेऊ नये.

उत्तर २: मी परिचारिका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीदरम्यान स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस केली आहे. म्हणून तिला आईच जवळ हवी असेल, तर तोही निर्णय मान्य करा. चक्कर येऊ लागल्यास लगेच खाली बसा.

उत्तर ३: पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटल्यास कळांची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करून निघा. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर कोंडी असते, त्यामुळे पर्यायी रस्ता आजच पाहून ठेवा.